फेटचं ‘गॅस प्रॉपर्टीज’: वायूंच्या गणितांआधी अर्धा तास द्यावा असं सिम्युलेशन

वायूंच्या नियमांचं गणित सोडवताना पहिला प्रश्न एकच असतो: स्थिर काय आहे? कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाचं हे मोफत सिम्युलेशन ब्राउझरमध्ये चालतं आणि हाच प्रश्न सोडवणाऱ्याला आधी विचारतं. आकारमान, तापमान की दाब, यातलं काय स्थिर ठेवायचं ते उजवीकडे निवडायचं.

‘आयडियल’ हा भाग उघडा. पंपाने १०० कण भरा, डब्याची रुंदी १० नॅनोमीटरच राहू द्या. ३०० केल्विनला दाब साधारण ११.७ अ‍ॅटमॉस्फिअर दिसतो. रुंदी ५ केली की दाब दुप्पट. उंची आणि खोली बदलत नाही, म्हणून रुंदीचं गुणोत्तर तेच आकारमानाचं गुणोत्तर. बॉइलचा नियम (तापमान स्थिर असताना आकारमान निम्मं झालं की दाब दुप्पट) इथेच पडताळून होतो.

खरी किंमत वसूल होते ती तापमानात. रुंदी परत १० करा, आकारमान स्थिर ठेवा, तापमापी सेल्सिअसवर लावा. २७ अंशांवरून ५४ अंशांपर्यंत तापवा. तापमान दुप्पट झालं असं वाटतं, पण दाब जेमतेम १२.८ पर्यंत जातो. केल्विनमध्ये (सेल्सिअस अधिक २७३) ३०० चे ३२७ झाले, म्हणजे वाढ फक्त नऊ टक्के. दाब दुप्पट हवा असेल तर ३२७ अंश सेल्सिअस गाठावे लागतात. सेल्सिअसचे केल्विन न करण्याच्या चुकीने परीक्षेत गुण जातात आणि ती चूक इथे अगदी स्पष्ट दिसते.

दाब स्थिर ठेवून चार्ल्सचा नियम (आकारमान केल्विन तापमानाच्या प्रमाणात बदलतं) बघताना मर्यादा लक्षात ठेवा. रुंदी ५ ते १५ एवढीच बदलते, त्यामुळे १० पासून निघाल्यास तापमान १५० ते ४५० केल्विनमध्येच ठेवता येतं. त्यापलीकडे सूचना येते आणि निवड रद्द होते.

‘एक्सप्लोर’ हा भाग गणितांसाठी वापरू नका. तिथे सरकणारी भिंत कणांवर कार्य करते, दाबलं की वायू तापतो. सायकलचा पंप गरम का होतो ते समजायला मात्र तो उत्तम आहे.

लिटर आणि मोल यात नाहीत, त्यामुळे वायूच्या समीकरणातल्या आर या स्थिरांकाचा सराव वहीतच करावा लागेल: दाब अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये असेल तर ०.०८२१, बारमध्ये असेल तर ०.०८३१, आणि दोन्हीकडे आकारमान लिटरमध्ये.