वृद्धाश्रमासाठी घेतलेले तीन प्रकारचे डायपर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

जुळे सोलापूर भागातील आमच्या वृद्धाश्रमात सध्या २४ रहिवासी असून त्यांपैकी ११ जणांचे लघवीवर नियंत्रण राहत नाही. पूर्वी आम्ही सर्वांसाठी एकाच मापाचे टेपचे डायपर घाऊक भावाने आणत असू आणि गळती, ओल्या गाद्या, जांघेतले लाल चट्टे हे सगळे म्हातारपणाच्या खात्यावर टाकून मोकळे होत असू. खरेदी माझ्याकडे आल्यावर टेपचे डायपर, पँटसारखे चढवायचे डायपर आणि अंडरपॅड (गादीवर अंथरायचे, ओल शोषणारे पॅड) हे तिन्ही प्रकार निरनिराळ्या कंपन्यांकडून थोडे थोडे घेऊन वापरून पाहिले. त्यावरून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, डायपर आश्रमासाठी घ्यायचा नसतो, माणसासाठी घ्यायचा असतो.

आम्हाला माल देणाऱ्या एका विक्रेत्याने काउंटरवरच डायपरवर पेलाभर पाणी ओतून तो उलटा धरून दाखवला होता. हा प्रयोग दिसायला छान असला तरी फसवा आहे, कारण डायपरमधील ओल धरून ठेवणारे दाणेदार पॉलिमर साधे पाणी जेवढे शोषते त्यापेक्षा खारट द्रव पुष्कळच कमी शोषते, आणि लघवीत क्षार असतातच. म्हणून आम्ही १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवले, दर दहा मिनिटांनी १०० मिलिलिटर असे तीन वेळा ओतले आणि शेवटी वर कोरडा टिश्यू ठेवून तळहाताने दाबला. दुकानात कोरड्या ठणठणीत वाटलेल्या जाडजूड डायपरवरचा टिश्यू चिंब झाला. दुसऱ्या, दिसायला पातळ असलेल्या डायपरवरचा जेमतेम दमटला. त्या दिवसापासून जाडी पाहून खरेदी करणे आम्ही बंद केले.

याहून उपयोगी पडला तो स्वयंपाकघरातला वजनकाटा. कोरड्या डायपरचे वजन वापरलेल्या डायपरच्या वजनातून वजा केले की साधारण तेवढे मिलिलिटर लघवी झाली असे धरता येते. तीन दिवस प्रत्येकाची अशी नोंद ठेवल्यावर कळले की चार जणांना दिवसा साधा डायपर पुरतो आणि जास्त क्षमतेचा फक्त रात्री लागतो. काट्यावर डायपर ठेवण्याला आमच्या मावशींनी प्रथम नाके मुरडली. तो काटा आता कायमचा त्यांच्याच खोलीत गेला आहे.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी टेपचाच डायपर योग्य, कारण कुशीवर वळवून तो बदलता येतो. मात्र कंबर आणि नितंब दोन्ही मोजून, जे माप मोठे येईल त्यावरून आकार ठरवावा. ‘मोठा घेतला की जास्त मावते’ हा समज चुकीचा आहे. मांडीपाशी फट राहिली की क्षमता कितीही असो, गळती होतेच. खालच्या टेपा किंचित वर तिरक्या लावाव्यात आणि मांडीची झालर बोटाने बाहेर काढावी. एकावर एक दोन डायपर लावण्याची पद्धत काही ठिकाणी पाहिली आहे. आतल्याचे मागचे आवरण जलरोधक असल्याने बाहेरचा कोराच राहतो आणि पैसे मात्र दोनांचे जातात.

चालत्याफिरत्यांसाठी पँटचा प्रकार नगामागे महाग असूनही मी सुचवीन. आयुष्यभर विड्या वळलेल्या आमच्या एका आजींनी टेपचा डायपर दोनदा फाडून फेकला होता. “मी काय तान्हं पोर आहे का लंगोट बांधायला?” हा त्यांचा प्रश्न होता. पँट त्या स्वतः चढवतात. नऊवारीचा काष्टा सोडून ती उतरवायला वेळ लागतो ही अडचण खरीच, पण ती त्यांनी स्वतःच दिवसा पाचवारी नेसून सोडवली. मावशींनाही आता ‘आजी, चड्डी बदलू या’ असेच म्हणायला सांगितले आहे.

अंडरपॅडला मी सर्वांत कमी गुण देईन. गादी वाचते, पण तो चुरगळतो आणि पाठीला घाम धरतो. डायपरची जागा तो घेऊ शकत नाही. तरीही आम्ही ६० बाय ९० सेंटीमीटरचे ठेवतो, कारण सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि भिजलेली जाड सोलापुरी चादर धुणे म्हणजे साठवलेल्या पाण्यावर घाला. मे महिन्यातल्या उकाड्यात प्लॅस्टिकसारख्या पाठीचे डायपर अजिबात नकोत. कापडासारख्या, हवा खेळत्या आवरणाचे घेतल्यावर चट्टे स्पष्टपणे कमी झाले. झिंक ऑक्साइडचे मलम पातळच लावावे, थापल्यास ते डायपरच्या वरच्या थराला चिकटून शोषण अडवते. आणि एखाद्याला लघवीवर नियंत्रण न राहण्याची तक्रार अचानक सुरू झाली, तर डायपरआधी डॉक्टर: आमच्या एका आजोबांचे कारण मूत्रमार्गाचा संसर्ग निघाले.

बिल मात्र तपासून घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा डायपरवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तरी त्यानंतरही आम्हाला एकदा जुन्या दराचे बिल मिळाले होते. आता आम्ही मोठी खेप न घेता आधी प्रत्येक मापाचे दहा-दहा नग मागवतो, आणि जो विक्रेता न फोडलेली पाकिटे बदलून देतो त्याच्याकडेच पुढची मागणी नोंदवतो.