किचन टॉवर : दिवाळी ते गणेशोत्सव वापरल्यानंतर, मुख्यतः मागच्या दांड्याविषयी

गेल्या दिवाळीत मुलाने आणि सूनबाईंनी ऑनलाइन मागवलेला लाकडी किचन टॉवर, म्हणजे लहान मुलाला ओट्याशी उभे राहून काम करता यावे यासाठीचा कठडा असलेला उंच स्टूलवजा चौथरा, आमच्या ठाण्यातील घोडबंदर रोडवरच्या घरात यंदाच्या गणेशोत्सवापर्यंत जवळजवळ रोज वापरला गेला आहे. त्याची लांबी-रुंदी, लाकडाचा प्रकार, तो किती वजन पेलतो ही माहिती विक्रीच्या पानावर असतेच, म्हणून ती येथे पुन्हा देत नाही. मी लिहायला बसलो तो मूल आत चढल्यावर मागची बाजू बंद करणाऱ्या त्याच्या दांड्यामुळे. हा दांडा ज्या प्लास्टिकच्या खोबणीत बसतो ती खोबण जुलैमध्ये तुटली, ती मिळवण्यासाठी कंपनीशी बराच वाद घालावा लागला, आणि दरम्यानच्या काळात दांड्याविना टॉवर वापरताना माझे असे मत झाले की या वस्तूची खरी किंमत त्या एका दांड्यावरच ठरते.

मुलगा ऐरोलीला आणि सूनबाई अंधेरीला नोकरीला जातात. बालवाडीची वेळ सोडली तर नात दिवसभर आमच्या दोघांजवळ असते. टॉवर आला तेव्हा ती पावणेतीन वर्षांची होती, आता साडेतीन पार झाली आहे. आमचा ओटा नेहमीच्या उंचीचा, म्हणजे सुमारे ३३ इंचांचा आहे. टॉवरच्या मधल्या फळीवर ती उभी राहिली की ओट्याची कड तिच्या कोपराच्या किंचित खाली येते आणि हात खांद्यापासून मोकळे चालतात. पूर्वी ती खुर्चीवर गुडघे टेकून काम करायची तेव्हा एक हात कायम आधारासाठी अडकलेला असायचा. दोन्ही हात सुटल्याबरोबर तिच्या कामाची जातच बदलली. कोथिंबीर निवडताना ती एका हाताने काडी धरते, दुसऱ्या हाताच्या चिमटीने पाने खुडते, पाने स्टीलच्या ताटलीत आणि देठ वाटीत टाकते. पिवळे पान आले की ते उलटसुलट करून बघते आणि मगच कुठे टाकायचे ते ठरवते. या कामात कोणी मध्ये बोललेले तिला चालत नाही. जुडी संपेपर्यंत तिचे लक्ष हलत नाही आणि संपल्यावर ती स्वतःच ताटली आजीकडे सरकवते. मटार सोलणे, पोहे चाळणीत धुणे, केळ्याचे काप करणे, कणकेच्या गोळीची लाटी लाटणे ही कामेही तिने अशीच आपलीशी केली आहेत. एवढ्यासाठी टॉवरचे कौतुक मी मोकळ्या मनाने करतो.

आता दांड्याकडे येतो. मूल टॉवरमध्ये चढले की मागची मोकळी बाजू बंद करण्यासाठी एक आडवा दांडा दोन्हीकडच्या खोबणींत बाहेरून दाबून बसवायचा असतो. तो बसवायला आणि काढायला मोठ्या माणसाच्या हाताचा जोर लागतो. दीड-दोन वर्षांच्या मुलासाठी ही व्यवस्था योग्यच आहे, कारण त्या वयात मूल कामाच्या नादात सहज एक पाऊल मागे टाकते. परंतु कंपनी हीच वस्तू सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी म्हणून विकते, आणि तिच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत ‘स्वावलंबन’ हा शब्द छापते. साडेतीन वर्षांच्या मुलीला कामाला सुरुवात करायची असेल तर तिने आधी आजोबांना हाक मारायची, हात धुवायला उतरायचे असेल तर पुन्हा हाक मारायची, सांडलेले पुसायला फडके आणायचे असेल तर आणखी एकदा हाक मारायची, आणि मी दिवाणखान्यातून उठून येईपर्यंत उभ्या उभ्या वाट पाहायची, याला मी स्वावलंबन म्हणू शकत नाही. “आबा, दांडा काढा” हे वाक्य आमच्या घरात इतके रुळले होते की ते ऐकल्यावर मी कारणही विचारत नसे. तेवढ्या वेळात तिचा कामाचा धागा तुटे. ती उतरायची होती फडके आणण्यासाठी, पण उतरल्यावर फडके विसरून भलतीकडेच जाई, आणि ओट्यावरचे पाणी शेवटी आजी पुसत असे.

ज्या माँटेसरी शिक्षणविचाराच्या नावावर या वस्तू विकल्या जातात त्यात फर्निचरकडे किती बारकाईने पाहिले गेले होते, हे ठाऊक असल्यामुळे मला हा दोष अधिक खटकतो. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिले बालगृह सुरू केले, तेव्हा शाळांमध्ये मुलांना जागेवर खिळवून ठेवणारी जड बाके असत. त्यांनी त्याऐवजी चार वर्षांची दोन मुले मिळून उचलू शकतील अशी हलकी टेबले आणि छोट्या खुर्च्या करून घेतल्या. मुले धक्के मारून खुर्च्या पाडतील, असा आक्षेप लोकांनी घेतला. त्यावर त्यांचे म्हणणे असे होते की खुर्ची पडून आवाज झाला म्हणजे आपली हालचाल बेसावध होती हे मुलाला कळते, आणि हळूहळू ते खुर्च्यांना धक्का न लावता वावरायला शिकते. मोठ्यांनी रागावण्याची गरजच उरत नाही, कारण चूक वस्तूच दाखवून देते. त्यांच्या साधनांतही हेच तत्त्व आहे. ठोकळ्यांतील खाचांत दट्टे बसवायचे असतील तर एकाची जागा चुकली की शेवटी एक दट्ट्या उरतो, आणि मूल आपण होऊन मागे जाऊन शोधू लागते. टॉवरसारखी वस्तू जड आणि स्थिर असावीच लागते, ती मुलाने उचलून न्यावी अशी अपेक्षा मी करत नाही. परंतु तिच्यात चढण्याचा आणि तिच्यातून उतरण्याचा अधिकार तरी मुलाच्या हातात असायला हवा होता.

खोबण तुटली ती अशाच हाकेच्या वेळी. दांडा ओढताना कट् असा आवाज झाला आणि प्लास्टिकचा ओठ तुटून हातात आला. टॉवर ८,५०० रुपयांचा, वॉरंटी एक वर्षाची, म्हणून मी लगेच तक्रार नोंदवली. आधी फोटो मागितले, ते पाठवले. नंतर खरेदीच्या वेळचा अनबॉक्सिंग व्हिडिओ मागितला, जणू दिवाळीत खोके उघडताना पुढच्या जुलैत काय मोडणार हे चित्रित करून ठेवायचे होते. त्यानंतर उत्तर आले की वॉरंटी फक्त लाकडी सांगाड्याला आहे, प्लास्टिकच्या भागांना नाही. तो भाग विकत द्या, मी पैसे भरतो, असे कळवल्यावर असे सांगण्यात आले की तो सुटा मिळत नाही. पूर्ण बाजूची चौकट घ्यावी लागेल आणि तिची किंमत कुरिअरसह २,४०० रुपये होईल. बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी धडधाकट लाकडी चौकट टाकून द्यावी, हे माझ्या बुद्धीला पटले नाही आणि खिशाला तर मुळीच पटले नाही. फोनवरच्या मुलीशी मी शांतपणे बोललो, कारण नियम तिने केलेले नव्हते. पण सुटे भाग न ठेवणारी कंपनी मुलांच्या वस्तू विकत आहे याची चीड मला आजही येते. मुलांच्या वस्तू मोडतातच, आणि मोडलेली वस्तू दुरुस्त होते हे मुलांनी घरात पाहायला हवे.

दांडा नसताना टॉवर बंद ठेवावा, असे आमचे पहिले मत होते. नातीने ते दोन दिवसही मानले नाही. शेवटी आजी शेजारी उभी राहील तेव्हाच वापरायचा, असे ठरले. त्या दिवसांत मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात बसून पाहत असे. पहिल्या वेळी ती उतरायला तोंड पुढे करून निघाली, थांबली, खाली बघितले, आणि वळून पाठमोरी झाली. दोन्ही हातांनी बाजूचे खांब धरून तिने एक पाय खाली सोडला, अंगठ्याने पायरी चाचपली, ती लागल्यावरच दुसरा पाय उचलला. हे तिला कोणी शिकवले नव्हते. पुढे ती रोज तशीच उतरू लागली, आणि माझ्या नावाची हाक जवळजवळ बंद झाली. तोपर्यंत मी दांड्याला केवळ गैरसोयीची पण आवश्यक गोष्ट मानत होतो. आता माझे मत असे आहे की तीन वर्षांपुढच्या मुलासाठी मोठ्यांनीच लावायचा दांडा त्याच्या सावधपणाची जागा घेतो, आणि उतरण्याची काळजी त्याच्याऐवजी दुसरेच कोणी वाहत असते.

तरीही मागची बाजू पूर्ण उघडी ठेवणे सूनबाईंना मान्य नव्हते, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. म्हणून कळव्याहून आमच्या ओळखीच्या सुतारांना बोलावले. त्यांनी दांड्याचे एक टोक बोल्टने खांबाला जोडले आणि दुसऱ्या खांबावर वर तोंड असलेली लाकडी खाच ठोकली. आता दांडा रेल्वे फाटकासारखा वर उचलला जातो आणि सोडला की स्वतःच्या वजनाने खाचेत पडतो. मूल मागे रेलले तरी तो उघडत नाही, कारण तो उघडायला ढकलावे लागत नाही, उचलावे लागते. बोट चिमटू नये म्हणून खाचेत सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावून घेतली आणि दांड्याच्या कडा पॉलिश पेपरने घासून गोल केल्या. सगळ्याचे मिळून ३५० रुपये झाले.

परवा पोहे धुताना तिच्या हातून तांब्यातले पाणी ओट्यावर सांडले आणि कडेवरून खाली टपकू लागले. तिने आधी आजीकडे पाहिले. आजी भाजी चिरत राहिली, काही बोलली नाही. मग नातीने तांब्या भिंतीकडे सरकवला, मागे वळून दांडा उचलला, उतरली, खालच्या हुकाला अडकवलेले तिचे फडके काढले, आधी फरशी आणि मग टॉवरवर चढून ओटा पुसला. पुसताना पाणी अधिकच पसरले हे खरे, पण तिने फडके सिंकमध्ये पिळले आणि पुन्हा पुसले. शेवटी दांडा खाली सोडून तो खाचेत बसल्याचा टक् आवाज ऐकला आणि मगच चाळणी हातात घेतली. या संपूर्ण वेळात घरातले कोणीही जागचे हलले नाही.

या प्रसंगात ३० रुपयांच्या हुकाचा वाटा टॉवरइतकाच मोठा आहे, हेही नोंदवतो. फडके, छोटा झाडू, तिची ताटली-वाटी आणि जांभळी नाक्यावरून आणलेले छोटे पोळपाट-लाटणे तिच्या हाताला येईल अशा उंचीवर ठेवल्यापासून टॉवरचा उपयोग दुपटीने वाढला. नुसता टॉवर घेऊन सामान मात्र वरच्या फडताळात ठेवले, तर मूल ओट्याजवळ उभे राहून मोठ्यांच्या हाताकडे बघत बसते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि सहकारी अनुताई वाघ यांच्यासह पुढे ते काम कोसबाडला नेले. ही दोन्ही गावे २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होती. तेथे माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने अशा आसपासच्या वस्तूंतून शिकण्याची साधने उभी केली. ज्या जिल्ह्यात हे काम झाले तेथेच आज एका आयात कल्पनेसाठी साडेआठ हजार मोजावे लागतात आणि तरीही वापरण्याजोगा दांडा सुताराकडूनच करून घ्यावा लागतो, याचा विचार विकणाऱ्यांनी करावा.

इतर बाबी थोडक्यात. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने फळी खाचेत इतकी फुगून बसली की वरची पातळी खाली घेता येईना; सुतारांनी कड थोडी रंधून मेण चोळून दिले, तेव्हापासून ती नीट सरकते. लाकडाचा मुलामा चांगला आहे, हळदीचे डागही ओल्या फडक्याने निघतात. पायांच्या रबरी टोप्या पक्क्या आहेत, टॉवर एकदाही हललेला नाही. आम्ही तो सिंकच्या टोकाला ठेवतो, शेगडीच्या बाजूला कधीच नाही, आणि कुकर चालू असताना नात टॉवरवर नसते. शेंगदाणे सोलण्याचे काम तिला अजून देत नाही, कारण अख्खा दाणा या वयात श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असतो. घरात मोठे माणूस नसताना टॉवर वापरायचा प्रश्नच येत नाही. मोठ्यांनी जवळ असावे, पण हात मध्ये घालू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्यांचे मूल दीड ते अडीच वर्षांचे आहे त्यांनी हा टॉवर जरूर घ्यावा; त्या वयात बाहेरून लागणारा दांडा कामाचा आहे आणि पुढे तो बदलून घेता येतो. मूल तीन वर्षांचे झाले असेल तर मात्र तयार टॉवर घेऊ नये. ओट्याची उंची आणि मुलाच्या कोपराची उंची मोजून, रुंद पायऱ्या आणि तीन बाजूंना कठडा असलेले स्टूल सुताराकडून करून घ्यावे, आणि मागे वर सांगितल्यासारखा उचलता येणारा दांडा बसवून घ्यावा. खरेदीपूर्वी ओटा आणि फ्रीज यांच्यामधली जागाही मोजावी. आमच्या घरी फ्रीज दिवाणखान्यात हलवावा लागला. कंपनीला मी दांड्याच्या नव्या रचनेचे फोटो आणि मोजमापे पाठवली आहेत आणि तो सुटा भाग म्हणून विकावा अशी विनंती केली आहे. अद्याप उत्तर नाही. आले तर या अनुभवात भर घालीन; तूर्तास पाचपैकी तीन गुण.