ट्रान्सफॉर्मरसाठी खनिज तेल की वनस्पती तेल?

आगीच्या बाबतीत वाद नाही. खनिज तेलाचा फायर पॉइंट (तेल पेटून जळतच राहते ते तापमान) 170 अंशांच्या आसपास, वनस्पती तेलाचा (म्हणजे नैसर्गिक एस्टरचा) 350 च्या घरात. ट्रान्सफॉर्मर इमारतीच्या आत बसणार असेल तर एवढे कारण पुरे.

खनिज तेलाचा खरा वैताग ओलाव्याचा. 25 अंशांना ते जेमतेम 55-60 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) पाणी सामावते. ब्रीदरमधले (ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा आत-बाहेर घेतो त्यातले) ओलावा शोषणारे सिलिका जेल बदलायचे राहिले किंवा गॅस्केट सैल झाले, की 30 पीपीएमलाच तेल निम्मे संपृक्त होते आणि बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सोसते ते माप) घसरते. फिल्टरेशनने तेल कोरडे होते. पण बहुतेक पाणी वाइंडिंगच्या (तारांच्या गुंडाळीच्या) इन्सुलेशनच्या कागदात मुरलेले असते. ते हळूहळू परत तेलात उतरते आणि फिल्टर मशीन पुन्हा आणावे लागते. वनस्पती तेल त्याच तापमानाला सुमारे 1000 पीपीएम धरते. ते कागदातले पाणी ओढते, त्यातले काही जलविघटनात (पाण्याने तेलाचे रेणू तुटून मेदाम्ले बनतात त्यात) खर्ची पडते, आणि कागद सावकाश झिजतो. कागद गेला की ट्रान्सफॉर्मर गेला, म्हणून माझ्या मते हाच मुद्दा सर्वांत वजनदार. आम्लता मात्र वाढलेली दिसेल. ती लांब साखळीच्या मेदाम्लांची, सौम्य असते. खनिज तेलाच्या मर्यादा लावून तेल बाद करू नका.

वनस्पती तेलाला हवा सोसत नाही. टाकी सीलबंद हवी, किंवा कॉन्झर्व्हेटरमध्ये (वरच्या जादा तेलाच्या टाकीत) हवा तेलाला लागू न देणारी रबरी पिशवी. दुरुस्तीसाठी वाइंडिंग बाहेर काढले तर ते उघडे ठेवू नका आणि गरम हवेने तर मुळीच सुकवू नका: तेलाचा पातळ थर चिकट होऊन घट्ट बसतो. पंप आणि होजही लगेच धुवावेत. साध्या उघड्या ब्रीदरवरच चालवायचे असेल, तर खनिज तेल किंवा सिंथेटिक (कृत्रिमरीत्या बनवलेले) एस्टर बरे.

जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल बदलताना खनिज तेल पूर्ण निथळू द्या, गरम एस्टरने आतून धुवा, मग व्हॅक्यूमखाली भरा. उरलेले खनिज तेल साधारण 7 टक्क्यांच्या आत राहिले पाहिजे, नाहीतर फायर पॉइंट 300 च्या खाली येतो. 40 अंशांना एस्टर खनिज तेलाच्या तिप्पट दाट असते, त्यामुळे भरल्यावर बुडबुडे निघायला आणि कागदात मुरायला जास्त वेळ द्या. त्याच दाटपणामुळे वाइंडिंग काही अंश जास्त तापते. आधीच पूर्ण लोडवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचे तापमान भरण्यापूर्वीच तपासून घ्यावे.