जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींचा विभाग : पुढाऱ्यांच्या परदेशी संबंधांवर भांडणाऱ्यांनी एकदा इथे बसावं

आमच्या शहरातल्या सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली आहेत. खाली कादंबऱ्या आणि दिवाळी अंक बदलायला येणाऱ्या सभासदांपैकी फार थोडे वर चढतात. मी तिथे एकाच विषयासाठी जात राहिले. आपल्या पुढाऱ्यांचे परदेशाशी काय संबंध आहेत, आणि एकाने केलं की देशद्रोह, दुसऱ्याने केलं की मुत्सद्देगिरी, हे ठरतं कसं, ते मला पाहायचं होतं. त्या कामासाठी हा विभाग किती उपयोगी आहे, तेवढ्यापुरतं हे परीक्षण.

मी वीज मंडळात हिशेब विभागात होते, त्यामुळे घरात एन्रॉनचा, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा, विषय निघाला की सगळे माझ्याकडे वळतात. धाकटे दीर एका पक्षाचे, भाचा दुसऱ्याचा. दीर म्हणतात, "वहिनी, तुम्ही बोर्डातल्या, अमेरिकन कंपनीला घरात कुणी घेतलं ते सांगा याला." भाचा म्हणतो, "मावशी, आणि परत कुणी घेतलं तेही सांगा काकांना." दोघंही बरोबर असतात. प्रत्येकाला दुसऱ्याच्या पक्षाची तारीख पाठ आहे, स्वतःच्या पक्षाची आठवत नाही. दोन्ही तारखा एका टेबलावर उघड्या ठेवायची सोय आमच्या शहरात या एकाच ठिकाणी आहे.

वर जायला सभासद असावं लागत नाही. ओळखपत्र दाखवायचं, वहीत नाव लिहायचं, वीस रुपये भरायचे आणि चिठ्ठीवर वर्तमानपत्राचं नाव, महिना, साल लिहून द्यायचं. एका चिठ्ठीवर दोन फायली मिळतात. इथल्या सहायक बाई फार चांगल्या आहेत. "एन्रॉनचं काहीतरी द्या" असं म्हटलं तर त्या काही देऊ शकत नाहीत, कारण विषयवार सूची नाही, पण महिना सांगितला की पाच मिनिटांत फाईल समोर येते. म्हणून जाताना तारखा घेऊन जा.

एन्रॉनच्या तारखा मी देते. जून १९९२ मध्ये, सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री असताना, मंडळाचा कंपनीशी सामंजस्य करार झाला. डिसेंबर १९९३ मध्ये, शरद पवार मुख्यमंत्री असताना, वीज खरेदीचा करार. मार्च १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं ते एन्रॉन समुद्रात बुडवण्याची भाषा करून. गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने प्रकल्पाची छाननी केली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी मनोहर जोशींनी विधानसभेत करार रद्द केल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी कंपनीच्या एक अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं होतं की भारतात लोकांना प्रकल्प समजावून देण्यावर आणि प्रकल्प उभा करण्याच्या प्रक्रियेवर कंपनीने दोन कोटी डॉलर खर्च केले. हे दोन कोटी कुणाला शिकवण्यात गेले, हा प्रश्न तेव्हा गल्लोगल्ली विचारला जात होता.

आता फाईल पुढे उलटा. नोव्हेंबर १९९५ मध्ये कंपनीच्या रिबेका मार्क मुंबईत बाळासाहेब ठाकरेंना भेटल्या. जानेवारी १९९६ मध्ये त्याच युती सरकारने सुधारित करार मान्य केला. युनिटचा दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आणल्याचं तेव्हा सांगण्यात आलं. आणि मे १९९६ मध्ये अटलबिहारी वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने, राजीनाम्याच्या तोंडावर, या प्रकल्पाच्या सुधारित काउंटर गॅरंटीला, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल या हमीला, मंजुरी दिली. आधीची गॅरंटी नरसिंह रावांच्या सरकारची होती. म्हणजे दिल्लीतही दोघांची सही.

ऑगस्ट १९९५ ची आणि जानेवारी १९९६ ची फाईल मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. माझ्या मते या विभागाची खरी किंमत इथे कळते. जे नेते ऑगस्टमध्ये परकीय कंपनीच्या दबावाविषयी बोलत होते, तेच जानेवारीत परकीय गुंतवणुकीच्या विश्वासार्हतेविषयी बोलतात. आणि ज्यांनी मूळ करार केला होता, ते विरोधी बाकांवरून नव्या करारातल्या त्रुटी काढतात. मधे फक्त पाच महिने आहेत. पुढे मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली, २००० मध्ये दर युनिटला सात रुपयांच्या पुढे गेला, आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला तेव्हा राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादीचं सरकार होतं. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीचं अमेरिकेत दिवाळं निघालं. मंडळाच्या हिशेबाच्या वह्या आम्ही पाहिल्या होत्या, त्यामुळे हे वाचताना मला राग आला, अजूनही येतो. भाच्याला आणि दिरांना दोघांनाही वाटतं की तो राग त्यांच्या बाजूचा आहे. तो ग्राहकाच्या बाजूचा आहे, कारण बिल त्याने भरलं.

दुसरा महिना मागा, मे १९९९. शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा मुद्दा काढून पत्र लिहिलं, पक्षातून हकालपट्टी झाली, १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. मग ऑक्टोबर १९९९ ची फाईल घ्या. विलासराव देशमुख मुख्यमंत्री, छगन भुजबळ उपमुख्यमंत्री, दोन्ही काँग्रेस एका सरकारात. २००४ मध्ये पवार केंद्रात मंत्रीही झाले. त्याच मे २००४ मध्ये सुषमा स्वराज यांनी सोनिया पंतप्रधान झाल्या तर मुंडण करीन असं जाहीर केलं होतं. सोनिया गांधींनी भारतीय नागरिकत्व १९८३ मध्ये घेतलं होतं. १९९९ साली त्यात नवं काहीच घडलं नव्हतं. नवी फक्त निवडणूक होती.

चीनवरून होणारी भांडणं घरात सगळ्यात कडू असतात. गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर, जून २०२० मध्ये, भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष जे. पी. नड्डा यांनी सोनिया गांधी अध्यक्ष असलेल्या राजीव गांधी फाउंडेशनला चिनी दूतावासाकडून देणगी मिळाल्याचं काढलं. संस्थेच्या २००५-०६ च्या वार्षिक अहवालात देणगीदारांत त्या दूतावासाचं नाव होतं. ऑगस्ट २००८ मध्ये काँग्रेसने चिनी कम्युनिस्ट पक्षाशी बीजिंगमध्ये सामंजस्य करार केला होता, तोही पुन्हा चर्चेत आला. हे प्रश्न रास्त आहेत आणि काँग्रेसने त्यांची सरळ उत्तरं द्यायला हवी होती. पण जानेवारी २०११ ची फाईलही उघडा. भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष नितीन गडकरी त्याच कम्युनिस्ट पक्षाच्या निमंत्रणावरून शिष्टमंडळ घेऊन चीनला गेले होते. त्यात काही वावगं होतं असं मला वाटत नाही. शेजारच्या देशातल्या सत्ताधारी पक्षाशी बोलणं हे राजकीय पक्षांचं कामच आहे. मग तो नियम दोघांनाही लागू करा, एवढंच मी घरी सांगते. देणगी ही वेगळी गोष्ट आहे, भेट ही वेगळी. या दोन्हींची सरमिसळ झाली की भांडण कधीच संपत नाही.

देणगीच्या बाबतीत मात्र मी वाचलेलं सगळ्यात महत्त्वाचं पान एन्रॉनचंही नाही आणि चीनचंही नाही. २८ मार्च २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही लंडनच्या वेदांत समूहातल्या कंपन्यांकडून देणग्या घेऊन परकीय देणगी कायद्याचा भंग केल्याचं प्रथमदर्शनी दिसतं, आणि सहा महिन्यांत कारवाई करा असं सांगितलं. त्यानंतर काय झालं ते दोन अर्थसंकल्पांमध्ये लपलेलं आहे. २०१६ च्या वित्त कायद्यात परकीय स्रोताची व्याख्या बदलली, मर्यादेतल्या परकीय गुंतवणुकीच्या कंपन्या तिच्यातून वगळल्या, तेही मागच्या तारखेपासून, २६ सप्टेंबर २०१० पासून. पण त्याआधीच्या देणग्या १९७६ च्या जुन्या कायद्याखाली येत होत्या. म्हणून २०१८ च्या वित्त विधेयकात ती तारीख आणखी मागे, ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत नेली. लोकसभेत ते विधेयक १४ मार्च २०१८ रोजी गोंधळात, चर्चा न होता मंजूर झालं. एकमेकांना परकीयांचे हस्तक म्हणणाऱ्या दोन पक्षांच्या जुन्या देणग्या एकाच दुरुस्तीने कायदेशीर झाल्या. त्यावर कुणी सभागृह बंद पाडलं नाही.

हिशेब विभागात आम्हाला मागच्या तारखेची एक नोंद करायची तर तीन सह्या लागत. इथे बेचाळीस वर्षं मागे जाऊन नोंद बदलली. ही बातमी मी दिरांना आणि भाच्याला, दोघांनाही वाचायला लावली. त्या संध्याकाळी दोघं पहिल्यांदा एकाच बाजूने चिडले.

आता विभागातल्या उणिवा. फायली दोनच वर्तमानपत्रांच्या सलग आहेत. सुदैवाने त्यातलं एक काँग्रेसकडे झुकणारं आणि दुसरं युतीला आपलं मानणारं, त्यामुळे दोन्ही मागवा. एकच वाचलंत तर घरातलं भांडण छापील स्वरूपात वाचल्यासारखं होईल. ऑगस्ट १९९५ च्या एका फाईलमधली दोन पानं कुणीतरी ब्लेडने कापून नेली आहेत, नेमकी करार रद्द झाल्यानंतरची. असं करणाऱ्याबद्दल मला तिटकारा आहे. ज्याला स्वतःच्या संग्रहात पुरावा हवा होता, त्याने तो बाकी सगळ्यांकडून काढून घेतला. १९६७ ची फाईलही मला हवी होती. यशवंतराव चव्हाण केंद्रात गृहमंत्री असताना निवडणुकीत परकीय पैसा आल्याची चर्चा लोकसभेत गाजली होती. पण ती फाईल हाताळण्याच्या अवस्थेत नाही, कडा झडतात, म्हणून ती देत नाहीत. ते योग्यच आहे, मात्र तिची स्कॅन प्रत कुणी केलेली नाही, हे योग्य नाही.

जिन्याला कठडा फक्त एका बाजूला आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली निरोप द्यावा, फाईल खालच्या वाचनकक्षात आणून देतात. फाईल उघडल्यावर धूळ बरीच उडते, तोंडावर रुमाल बांधा. पेन चालत नाही, पेन्सिल चालते. झेरॉक्स यंत्रावर अख्खं पान मावत नाही, दोन तुकडे करून घ्यावे लागतात आणि ते नंतर चिकटवताना ओळी जुळत नाहीत. मोबाईलने फोटो काढायला एका पानाला दहा रुपये घेतात. हा नियम मला पटत नाही. फोटोने कागद झिजत नाही, झेरॉक्सच्या काचेवर दाबल्याने झिजतो. शुल्क ठेवायचं तर झेरॉक्सला ठेवा आणि फोटो मोफत करा, असं मी सूचना वहीत लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही. वेळ सकाळी साडेआठ ते बारा आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसात. नोकरी करणाऱ्यांना यातलं काही सोयीचं नाही, रविवारी निदान सकाळी तरी हा विभाग उघडा हवा. माझा भाचा इच्छा असूनही येऊ शकला नाही, म्हणून त्याला फोटो दाखवावे लागले.

तरीही पाचपैकी चार गुण मी देईन, आणि कापलेली पानं नसती तर जास्त दिले असते. फोनवर आलेल्या एका चौकटीत एक तारीख असते आणि खाली संताप असतो. इथे त्या तारखेच्या आधीचा महिना असतो आणि नंतरचाही. जाणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे : ज्या पक्षाचा तुम्हाला राग येतो त्याची फाईल तुम्ही मागणारच, पण त्याच चिठ्ठीवर दुसरी फाईल तुमच्या लाडक्या पक्षाच्या सत्ताकाळातली मागा. दोन फायली मिळतातच, वेगळे पैसे पडत नाहीत.

घाई करा असंही सांगते, कारण जागा नाही म्हणून १९९० च्या दशकातल्या फायली निकाली काढण्याचा विषय वाचनालयाच्या पुढच्या वार्षिक सभेच्या पत्रिकेवर आला आहे. शासनाचं अनुदान घेणाऱ्या वाचनालयाने हे करू नये. मी सभासद आहे, मी विरोधात मत देणार आहे, आणि फायली टिकवून स्कॅन कराव्यात असा अर्ज खालच्या टेबलावर ठेवला आहे. त्यावर दिरांची सही झाली आहे, भाच्याचीही. शहरातल्या सभासदांनी सभेआधी येऊन सही करावी.