‘बोन’ घ्यावी की ‘उसागी योजिंबो’?

मोठ्या प्रकाशनांच्या सुपरहिरोंना कंटाळलेल्या आणि एकाच चित्रकाराने वर्षानुवर्षे स्वतःच्या हिमतीवर चालवलेली कॉमिक मालिका वाचू इच्छिणाऱ्या सांगली-मिरजेतील वाचकाने जेफ स्मिथ यांची ‘बोन’ आणि स्टॅन साकाई यांची ‘उसागी योजिंबो’ या दोहोंचा आधी विचार करावा. दोन्हींची सुरुवात कृष्णधवल चित्रांनी झाली, दोन्हींचे नायक माणसासारखे वागणारे पण माणूस नसलेले आहेत आणि दोन्हींची मालकी निर्मात्याकडेच राहिली आहे. पुस्तके मागवूनच घ्यावी लागत असल्याने आणि ती स्वस्त नसल्याने निवड आधी करून ठेवलेली बरी.

‘बोन’ पूर्ण झालेली आहे, ही तिची मोठी सोय. 1991 ते 2004 या काळात निघालेले 55 अंक आज तेराशेहून अधिक पानांच्या एकाच जाडजूड ग्रंथात मिळतात. स्मिथ यांनी ही मालिका पत्नी विजया अय्यर यांच्या साथीने बहुतांशी स्वतःच्याच संस्थेतून काढली. व्यवहाराची बाजू अय्यर यांनी सांभाळली. गावातून हाकलले गेलेले तीन बोन चुलतभाऊ एका अनोळखी खोऱ्यात येतात आणि विनोदाने सुरू झालेली गोष्ट हळूहळू युद्धापर्यंत जाते. स्मिथ यांचे टायमिंग अफलातून आहे: खोऱ्यातला हिवाळा भुरभुरत येत नाही, सगळा बर्फ एका चौकटीत धप्पकन कोसळतो. मधला काही भाग मात्र रेंगाळतो. घरात दहा-बारा वर्षांचे मूल असेल तर नऊ भागांतली रंगीत आवृत्ती घ्यावी. ‘उसागी’त तलवारीने माणसे मरतात.

तरीही स्वतःसाठी एकच मालिका घेणाऱ्याला माझे मत ‘उसागी’लाच. 1984 मध्ये प्रथम अवतरलेला हा ससा म्हणजे सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या जपानमधला, युद्धात धनी गमावलेला, गावोगाव भटकणारा सामुराई. प्रकाशक अनेकदा बदलले. पण कथा, रेखाटन, इतकेच नव्हे तर संवादांच्या फुग्यांतली अक्षरेही साकाई स्वतःच्या हाताने काढत आले आहेत. कोणी मेले की त्याच्या तोंडून इवल्याशा कवटीचा फुगा निघतो. त्यामुळे मारामारीची पाने रक्ताशिवाय वाचता येतात, आणि तरी मेलेला प्रत्येक जण लक्षात राहतो.

या मालिकेचे खरे वैभव मला कारागिरीच्या पानांत दिसते. एका कथेत साकाई कथानक बाजूला ठेवून पतंग कसा बनतो ते बांबू आणि कागदापासून क्रमाने दाखवतात, दुसऱ्या एका कथेत तलवार कशी घडते ते दाखवतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्याचा तंबोरा होताना ज्याने उभे राहून पाहिले असेल, त्याला ही पाने लांबलेली वाटणार नाहीत. ‘बोन’चे खोरे सुंदर आहे, पण तिथे लोक पोटासाठी काय करतात हे आपल्याला फारसे कळत नाही, उसागीच्या वाटेवर मात्र जुगारी, कुंभार, भिक्षू, सावकार असे सगळे आपापले धंदे घेऊन भेटतात.

दोष नाहीत असे नाही. सुरुवातीचे रेखाटन कच्चे आहे, पात्रांची ओळख पुन्हा पुन्हा करून दिली जाते आणि मालिका अजून चालू असल्याने शेवट वाचण्याचे समाधान मिळत नाही. उलट बहुतेक कथा छोट्या आणि स्वतंत्र असल्याने सगळा संच एकदम घेण्याची सक्ती नाही; एक पुस्तक वाचून थांबता येते, तर ‘बोन’ अर्ध्यावर सोडली की काहीच हाती लागत नाही.

‘उसागी’ घ्यायची ठरलीच, तर कॉमिक्ससाठीचा मानाचा अमेरिकन आयस्नर पुरस्कार मिळवणाऱ्या ‘ग्रासकटर’ या बाराव्या पुस्तकाकडे थेट धाव घेऊ नये. जपानच्या राजघराण्याच्या हरवलेल्या तलवारीची ती दीर्घकथा आहे आणि गेन, तोमोए ही मालिकेतली पात्रे आधीपासून ओळखीची असतील तरच ती पुरती भिडते. पहिली दोन-तीन पुस्तके मागवावीत, ती आवडली तर क्रमाने पुढे जावे.