प्रागमध्ये 200 युरो गेले, आणि नोटा खोट्या नव्हत्याच

200 युरो. निघताना 92 रुपयांनी घेतले होते, म्हणजे 18,400 रुपये. प्रागच्या जुन्या चौकात, 1410 सालच्या त्या प्रसिद्ध घड्याळापासून हाकेच्या अंतरावर, मी ते स्वतःच्या हाताने मोजून एका अनोळखी माणसाला दिले. रस्त्यावर पैसे बदलू नयेत हे मला माहीत नव्हते असे नाही. मी सहकारी बँकेत 31 वर्षे कॅशियर होतो. म्हणूनच हे लिहायला दोन महिने लागले.

मुलगा ड्रेस्डेनला असतो. तिथून प्राग रेल्वेने अडीच तास. त्याला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघेच निघालो. सकाळी जायचे, रात्री परत. "बाबा, कार्ड सगळीकडे चालतं," असे त्याने दोनदा बजावले होते. पण परदेशात कार्ड वापरले की आमची बँक वर साडेतीन टक्के लावते. शिवाय हिला मधुमेह आहे, आणि तिकडे स्वच्छतागृहाला सुटे पैसे लागतात. थोडी रोख जवळ हवी होती, यात माझे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

चौकातल्या पैसे बदलण्याच्या खिडकीवर मोठ्या अक्षरात 'कमिशन शून्य'. आत विचारले तर कोरुना, म्हणजे तिथले चेक चलन, एका युरोला 19! बाजारभाव 25 च्या आसपास होता. तणतणत बाहेर आलो, तर करड्या कोटातला, पंचेचाळिशीचा, नीटनेटका माणूस समोर. इंग्रजीत म्हणाला, "तिथे लुटतात, मी साडेसत्तावीस देतो." मोबाइलवर हिशोब करून दाखवला: 5500.

इथेच थांबायला हवे होते. बाजारात 25 मिळत असताना कोण साडेसत्तावीस देईल? ही म्हणालीसुद्धा, "अहो, राहू द्या, मशीनमधून काढू." मी तिच्यावर खेकसलो. डोक्यात खिडकीतले 19 बसले होते, 25 विसरलोच होतो.

त्याने 2000 च्या दोन, 1000 ची एक आणि 500 ची एक नोट दिली. मी त्या तशाच खिशात घातल्या नाहीत, हे आवर्जून सांगतो. कागद बोटांनी चाचपला, उजेडाला धरून जलचिन्ह पाहिले, धागा पाहिला. सगळे अस्सल होते. असणारच, कारण त्या हंगेरीच्या अस्सल फोरिंटच्या नोटा होत्या. 5500 फोरिंट म्हणजे जेमतेम 14 युरो.

कळले ते चार्ल्स पुलाजवळ. सळईवर गुंडाळून भाजलेला तो गोड पाव, त्रदेल्निक, हिला खायचा होता. दुकानातल्या मुलीने 500 ची नोट हातात घेतली आणि लगेच परत केली. "फोरिंट. हंगेरी." मागे रांग होती. हिने मान खाली घातली, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

चेकवरची अंकी आणि अक्षरी रक्कम जुळते का, हे पाहण्यात माझा जन्म गेला. त्या नोटांवर आकड्यासोबत 'फोरिंट' हा शब्द छापलेला होता. मी अंक वाचले, अक्षरे वाचली नाहीत. कोरुनाच्या 500 आणि 2000 च्या नोटांवर बाईचे चित्र असते: लेखिका बोझेना नेम्त्सोवा आणि गायिका एमा देस्तिनोवा. माझ्या हातातल्या प्रत्येक नोटेवर पुरुष होता. जाण्याआधी मोबाइलवर त्या देशाच्या नोटांची चित्रे बघून ठेवा, पाच मिनिटांचे काम आहे.

पोलीस चौकीत एक तास चाळीस मिनिटे बाकावर बसवले. मग दुभाष्या फोनवर. पहिला प्रश्न काय, तर पैसे तुम्ही राजीखुशीने दिलेत ना? मी नोटा दाखवल्या, माणसाचे वर्णन केले, जागा सांगितली. ती जागा चालत दहा मिनिटांवर होती. कोणी उठले नाही! उलट, परवान्याशिवाय रस्त्यावर पैसे बदलणे बेकायदेशीर आहे, हे मलाच ऐकवले. मग तो माणूस भरदिवसा तिथे उभा कसा राहतो? यावर दुभाष्या गप्प. चेक भाषेतला एक कागद हातात दिला आणि निरोप दिला. पुलावरचे 30 पुतळे, पलीकडचा किल्ला, सगळे राहून गेले. एवढ्या लांबून आलो होतो.

परवानाधारक खिडकीत फसलात तर तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करून मागता येतो, 1000 युरोंपर्यंत. 2019 पासून तसा कायदा आहे. पावती मात्र जपा. रस्त्यावरच्या माणसाला तो लागू नाही. मशीनमधून काढाल तर बँकेच्या शाखेचे मशीन शोधा, आणि 'रुपयांत बदलून देऊ का' असे विचारले तर नाही म्हणा, कोरुनातच घ्या. बायको नको म्हणाली तर ऐका.

परत आल्यावर प्रवास विम्याचा दावा केला. कंपनी म्हणते, स्वतःहून दिलेले पैसे चोरीत बसत नाहीत. दुसऱ्या पत्रावर म्हणाले, पोलिसांच्या कागदाचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणा. त्याला 2,800 रुपये लागले, तेही भरले. तिसरे पत्र गेल्या सोमवारी टाकले आहे. त्या चार नोटा पाकिटात घालून कपाटात ठेवल्या आहेत. वर अंकी आणि अक्षरी रक्कम लिहिली आहे.