कोल्हापुरात दीड दिवस हातात: पन्हाळा, राधानगरी का घरात टीव्ही?

जुलै लागला की आमच्या घरात एकच विषय. दादा-वहिनी पुण्यातनं शनिवारी सकाळी येणार, दोन पोरं बरोबर, रविवारी संध्याकाळी परत जाणार, मग मधल्या दीड दिवसात सगळ्यांना घेऊन कुठंतरी जाऊया का निवांत घरातच बसूया? आमचं मंगळवार पेठेतलं घर, आज्जी 79 वर्षांची, तिचे गुडघे दुखतात, आई-बाबा साठीच्या पुढं, मी, आणि भाच्यांपैकी थोरला दहा वर्षांचा, धाकटी पाच वर्षांची, तिला गाडी लागते. गेल्या चार वर्षांत आम्ही तिन्ही प्रकार करून बघितलेत आणि आता माझं मत पक्कं झालंय, म्हणून लिहितेय, कारण हा प्रश्न बऱ्याच घरात पडतो आणि शनिवारी सकाळी नाष्टा करता करता ठरवायला बसलं की अकरा वाजतात आणि मग कुठलंच नीट होत नाही.

आधी पन्हाळा. कोल्हापुरातनं साधारण वीस किलोमीटर, पाऊण तासात वर. म्हाताऱ्या माणसांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गाडी पार गडाच्या आत जाते, तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी, सगळीकडं जवळपर्यंत. आज्जीला आम्ही तीन दरवाज्याजवळ गाडीतच बसवलं, काच खाली, हातात भाजलेलं कणीस, आणि ती तासभर येणारी-जाणारी माणसं बघत एवढी खूश होती की आम्ही परत आलो तर म्हणाली, "एवढ्यात आलासा? बसतो की मी अजून."

पण एक सांगून ठेवते, जुलैत पन्हाळ्यावर दिसत काहीच नाही. धुकं असं असतं की दहा पावलांवरचा माणूस सावलीगत दिसतो. गेल्या वेळी थोरला भाचा सज्जा कोठीपाशी उभा राहून रडकुंडीला आला, "आत्या, किल्ला कुठाय?" आणि बाबा म्हणाले, "अरे किल्ल्यातच उभा हाईस की तू." मग बाबांनी त्याला तिथंच पावसात सगळं सांगितलं, की 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा होता, महाराज इथंच अडकलेले, आणि जुलैच्या 12 तारखेला रात्री असल्याच पावसात, असल्याच धुक्यात विशाळगडाकडं निघाले, मागं शिवा काशीद, पुढं खिंडीत बाजीप्रभू. पोरगं एकदम गप्प. मग विचारतो, "त्यांच्याकडं रेनकोट होते?" बाबांनी इरलं म्हणजे काय, घोंगडं डोक्यावर कसं घ्यायचं ते ओढणी घेऊन करून दाखवलं, माझी ओढणी, ती चिंब भिजली पण मला काही वाटलं नाही, कारण ते पोरगं अजून घरात घोंगडं घेऊन "मी मावळा" म्हणत फिरतंय. स्वच्छ उन्हात गेलो असतो तर फोटो चांगले आले असते, पण ती रात्र त्याला कळली नसती. म्हणून धुकं आहे म्हणून पन्हाळा टाळू नका असं मी म्हणते. 2025 च्या जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपला पन्हाळा आहे, हे पोरांना तिथं उभं करून सांगण्यात वेगळीच मजा आहे.

खायचं म्हणाल तर झुणका-भाकर, वांग्याचं भरीत, दही, खर्डा. धाकटीनं नुसती भाकरी आणि दही खाल्लं आणि पोटात काही गडबड नाही, गाडीही लागली नाही, कारण घाट छोटा आहे. रस्त्याचं मात्र आधी विचारून निघा. 2021 च्या जुलैत पन्हाळ्यावर जायचा मुख्य रस्ता खचला होता, आणि पंचगंगेला पूर आला तर केर्लीजवळ रत्नागिरी रोडवरच पाणी येतं. गाडी नसेल तर एसटी आहे, 75 च्या वरच्यांना तिकीट नाही आणि बायकांना निम्मं, त्यामुळं आज्जी, आई, वहिनी आणि मी चौघीजणी मिळून दीड तिकिटात गेलो, आज्जी कंडक्टरला आधार कार्ड दाखवताना जी ताठ बसलेली ना, ते बघायसारखं होतं.

आता राधानगरी. हे लांब आहे, हळदी-परितेवरनं पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पावसात दीड तास धरा, कधी जास्त. बघायला म्हणाल तर पन्हाळ्यापेक्षा जास्त आहे. राऊतवाडीचा धबधबा, सगळीकडं भाताची लावणी चाललेली, बायका डोक्यावर इरली-प्लॅस्टिक घेऊन वाकलेल्या, आणि धरण. त्या धरणाची गोष्ट मला फार आवडते. शाहू महाराजांनी काम सुरू केलं, महाराज 1922 ला गेले आणि धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाणी ठराविक पातळीला आलं की पाण्याच्या दाबानंच उघडतात, बटण दाबायला कोण लागत नाही, आणि एका दरवाज्यातनं 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी सुटतं. थोरल्याला हे सांगितल्यावर तो अर्धा तास लांबनं दरवाजे मोजत उभा होता, त्या दिवशी चार उघडलेले, पाचवा उघडतोय का म्हणून आम्हाला हलू देईना.

पण. आज्जी नव्हती बरोबर. एवढं बसवत नाही तिला, आणि उतरून चिखलात चालायचं तर अजिबात नाही. धाकटीला राधानगरीच्या पुढं वळणं लागली तशी गाडी लागली, दोनदा थांबलो, लिंबू-साखर सगळं झालं, वहिनीचा निम्मा दिवस त्यातच गेला. दाजीपूरला गवे दाखवतो म्हणून पोरांना कबूल केलेलं, तर पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं हे आधी लक्षात घ्यायला पाहिजे होतं. गुऱ्हाळं पण या दिवसात बंद, त्यामुळं येताना गरम गूळ-काकवी वगैरे काही नाही, ते दिवाळीनंतर. परत यायला रात्रीचे साडेआठ झाले, घरात आलो तर आज्जी टीव्ही बंद करून बसलेली. मी विचारलं, सिरियल बघितली नाहीस का? तर म्हणाली, "बघितलो. पण कुणाला सांगू?"

मला ते वाक्य फार लागलं. कारण आज्जीचं टीव्ही बघणं म्हणजे नुसतं बघणं नसतं. सातला ती खुर्ची टीव्हीकडं वळवते, साडेआठपर्यंत तीन सिरियली, आणि तेवढ्या वेळात ती पडद्यावरच्या सुनेला सल्ला देते, सासूला झापते, आणि जाहिरात लागली की आम्हाला मागचं सगळं सांगते. तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात असा नियम आहे, म्हणजे अर्ध्या तासाच्या सिरियलीत पाच-सहा मिनिटं, आणि आमच्या घरातलं अर्धं बोलणं त्या पाच-सहा मिनिटांत होतं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची बदली झाली, दादाला नोकरीत काय त्रास आहे, हे सगळं जाहिरातीत. दादानं एकदा तिला मोबाईलवर ॲप टाकून दिलं, कधीही बघ म्हणाला, वाट बघायला नको. आज्जीनं दोन दिवस बघितलं आणि परत दिलं. "ह्यात माणसं बारीक दिसत्यात आणि शेजारी कोण बसतच न्हाई."

म्हणून घरात टीव्ही बघत बसणं म्हणजे सुट्टी वाया गेली असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी भांडते. 2022 च्या डिसेंबरातली वर्ल्ड कपची फायनल आठवा, अर्जेंटिना-फ्रान्स, रविवार, रात्री साडेआठला सुरू. आपलं कोल्हापूर म्हणजे फुटबॉलवेडं, पेठेत पताका लागलेल्या, गल्लीच्या तोंडाला स्क्रीन, आणि आमच्या घरात नेमका आज्जीच्या सिरियलीचा महाएपिसोड. बाबांनी तिला विनवलं, ती म्हणाली हाफ टाईमपर्यंत बघते काय आहे ते. मग तिला तो निळ्या-पांढऱ्या पट्ट्यातला बुटका पोरगा आवडला, आणि फ्रान्सनं दोन गोल फेडले तेव्हा ती सगळ्यात जास्त चिडली. पेनल्टीला तिनं देवघरात जाऊन दिवा लावला, खरंच लावला, आणि 4-2 झाल्यावर बाहेर गल्लीत जो आवाज उठला त्यात आमच्या आज्जीचा आवाज मला वेगळा ऐकू आला. महाएपिसोडचं नाव तिनं दुसऱ्या दिवशी दुपारी काढलं, रिपीट लागल्यावर.

पावसाळ्यात घरी बसायचं असेल तर दोन गोष्टी मात्र बघा. एक, डीटीएच असेल तर जोराच्या पावसात सिग्नल जातो, ते छत्रीत पाणी साचल्यामुळं नसतं, उपग्रहावरनं येणारी ती लहर पावसाच्या थेंबातच अडते, त्यामुळं बाबा गच्चीवर जाऊन कितीही पुसत बसले तरी उपयोग नाही, पाऊस कमी झाला की आपोआप येतो. केबल असेल तर लाईट आहे तोवर चालतं, आणि आमच्याकडं केबल ठेवायचं खरं कारण म्हणजे लोकल चॅनेल, त्यावर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दिसते. 39 फूट इशारा, 43 धोका, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. दुसरी गोष्ट, लाईट गेली तर काय? गेल्या वर्षी शनिवारी रात्री आठला गेली, सिरियल ऐन रंगात, आणि आज्जीनं अंधारात पुढची गोष्ट स्वतः सांगायला सुरुवात केली, कोण काय बोलेल, कोण कुणाला घराबाहेर काढेल, पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. लाईट आल्यावर थोरला म्हणाला, टीव्ही नको लावू, आज्जी, तुझंच सांग.

आता घरात बसण्यातली एक अडचण, आणि ही बाहेरनं आलेल्या पुरुष माणसांच्या लक्षात येत नाही. आखाडातला रविवार म्हणजे मटण, तांबडा-पांढरा, सुकं, वर भाकरी नाहीतर चपाती, आणि आठ माणसांचं हे सगळं करायचं म्हणजे आई आणि वहिनी सकाळी आठपासनं दुपारी दोनपर्यंत स्वयंपाकघरात, टीव्हीवर काय चाललंय ते आवाजावरनं ओळखायचं. ही सुट्टी नव्हे. आम्ही दोन वर्षांपासनं ठरवलंय, घरात बसायचं असेल त्या दिवशी मटण बाबा आणि दादा करणार, खोबरं-तीळ भाजण्यापासनं सगळं, आणि आई पहिल्यांदा दुपारचा पिक्चर सुरुवातीपासनं शेवटपर्यंत बघितली. बाबांचा पांढरा रस्सा आईपेक्षा पातळ होतो, तेवढं चालवून घ्यायचं. हे जमणार नसेल तर मग सरळ बाहेर पडा, पन्हाळ्यावर भाकरी दुसरं कुणीतरी थापून देतं.

तर तुम्ही काय करावं? घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल आणि एक पाच-सहा वर्षांचं पोर असेल तर माझं ऐका, शनिवारी पन्हाळा, सकाळी आठला निघायचं, रविवारची गर्दी नको, दुपारी तिथंच जेवायचं, तीनला खाली उतरायचं, घरी येऊन झोप, चहा, आणि सातला सगळे टीव्हीपुढं. रविवार पूर्ण घरात. राधानगरीला फक्त तेव्हा जा जेव्हा पोरं आठ-दहाच्या पुढची आहेत, गाडी लागणारं कोण नाही, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ त्या दिवशी कोणीतरी थांबणार आहे. मागच्या वेळी आमच्याकडं कोण थांबलं नव्हतं, ते परत करायचं नाही. आणि लोकल चॅनेलवर पातळी चाळीसच्या वर दिसत असेल तर कुठंच जाऊ नका, भडंग करा, पत्ते काढा.

पुढच्या शनिवारी दादा येतोय. मी आज्जीला विचारलं, पन्हाळ्याला येणार नव्हं? तर म्हणाली, "येतो की. पर सातच्या आत घरात पायजे, तिच्या नवऱ्याला आज सगळं कळणार हाय." मी म्हटलं, अगं आज नाही, पुढच्या शनिवारी. "व्हय," म्हणाली, "तवर काय कळत न्हाई त्याला, मला म्हाईताय."